वाडीची बैठक आणि गावची ग्रामसभा

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी "समाजकार्यातील आपला सहभाग" या विषयावर काहीतरी लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने मला सुचविले. मी काही नावाजलेला कार्यकर्ता नाही. कला शाखेची पदवी घेतली, बँकेत कारकून म्हणून लागलो आणि गेली बावीस वर्षे काउंटरच्या अलीकडे बसून लोकांची पासबुके भरतो आहे. त्यामुळे मोठ्या तत्त्वचर्चेची अपेक्षा वाचकांनी ठेवू नये. एका साध्या गोष्टीबद्दल, आणि तीही स्वतःची चूक कबूल करून, मी लिहिणार आहे.

समाजकार्य म्हटले की आपल्यापुढे काही ठरावीक कामे उभी राहतात. १४ एप्रिलची मिरवणूक, बुद्धपौर्णिमा, वर्षावासातील प्रवचने, विहाराची रंगरंगोटी, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, कोणाच्या घरी दुःखद प्रसंग घडला तर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. या कामांत आपला समाज कोणाच्याही मागे नाही. वाडीची बैठक लागली की रात्री नऊ वाजता प्रत्येक घरातला एक माणूस हजर असतो. न आल्यास विचारणा होते, काही वाड्यांत दंडही होतो. मुंबई मंडळाची सभा असली तर माणसे विरार, डोंबिवलीहून लोकल बदलत परळ-नायगावला येतात. जमाखर्च वाचला जातो आणि पाच रुपयांच्या तफावतीवरून तासभर वाद रंगतो. हे सर्व मला अभिमानाचे वाटते. परंतु याच समाजाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. मागच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आपल्या वाडीतून किती माणसे गेली होती?

माझ्यापुरते उत्तर द्यावयाचे तर वयाच्या चाळिशीपर्यंत मी एकाही ग्रामसभेला गेलो नव्हतो.

आमची वाडी गावाच्या वरच्या अंगाला, सड्याच्या कडेला आहे. वाडीतून खाली विहिरीकडे आणि पुढे स्मशानाकडे जाणारी एक पाखाडी आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने जांभ्याचे चिरे डोक्यावरून वाहून अंगमेहनतीने ती बांधली. इतक्या पावसाळ्यांनंतर चिरे निसटले, पायऱ्यांवर शेवाळ चढले. एका जुलै महिन्यात माझ्या चुलत्यांची अंत्ययात्रा त्या वाटेने नेत असताना खांदेकऱ्यांपैकी एकजण घसरला आणि भर पावसात तिरडी खाली टेकवावी लागली. त्या रात्री वाडीची बैठक झाली. सर्वजण तावातावाने बोलले. ग्रामपंचायत आपल्या वाडीकडे मुद्दाम दुर्लक्ष करते यावर एकमत झाले, मुंबई मंडळाला पत्र लिहावयाचे ठरले, आणि मी बँकेतला माणूस म्हणून कार्यालयात जाऊन जाब विचारण्याचे काम माझ्याकडे आले.

मी गेलो. तेथील कारभार पाहणाऱ्या गृहस्थांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि ग्रामसभेचे प्रोसिडिंग बुक माझ्यापुढे ठेवले. तीन वर्षांचे इतिवृत्त मी चाळले. आमच्या पाखाडीचा विषय एकदाही आलेला नव्हता. खालच्या दोन वाड्यांच्या पाखाड्यांचे विषय मात्र आले होते, सूचक व अनुमोदक यांच्या नावांसह. आणि मला खरा धक्का पुढेच बसला. एका सभेच्या उपस्थितीच्या पानावर आमच्या वाडीतल्या नऊ जणांच्या सह्या होत्या. त्यांत एक माझी होती! मला आठवले. शिपाई वही घेऊन घरी आला होता. "दादा, कोरमसाठी तेवढी सही द्या," म्हणाला, आणि मी एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने सही ठोकून दिली होती. बँकेत एखादा ग्राहक कोऱ्या स्लिपवर सही करू लागला तर मी त्याला थांबवून चार शब्द सुनावतो. येथे मीच कोऱ्या पानावर सही केली होती, आणि त्या पानावर पुढे जे काही लिहिले गेले त्याला मी हजर राहून संमती दिली, असे कागद सांगत होता.

पक्षपात होत नाही असे मी म्हणत नाही. तो होतो. पण त्या दिवशी पक्षपात सिद्ध करण्यासाठी माझ्याजवळ एक चिठोरेही नव्हते. नाकारलेला अर्ज नव्हता, फेटाळलेला ठराव नव्हता. आम्ही मागितलेच नव्हते.

ग्रामपंचायत वेगळी, ग्रामसभा वेगळी

पुष्कळ सुशिक्षित माणसेही या दोहोंत गल्लत करतात. ग्रामपंचायत म्हणजे आपण निवडून दिलेले सदस्य व सरपंच. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत ज्यांची ज्यांची नावे आहेत ते सर्व स्त्री-पुरुष. तिचे सदस्य होण्यासाठी निवडून यावे लागत नाही, वर्गणी भरावी लागत नाही. मतदार यादीत नाव आले की माणूस मतदार असेपर्यंत तिचा सदस्य असतो. नोकरीच्या नियमांमुळे मला निवडणुकीला उभे राहता येत नाही, परंतु ग्रामसभेत बसून प्रश्न विचारण्यासाठी मला कोणत्याही साहेबाची परवानगी लागत नाही, हे मला फार उशिरा कळले.

आपल्या राज्यात १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आहे. ग्रामसभा त्यात होतीच, परंतु तिला घटनेचे बळ मिळाले ते ७३ व्या घटनादुरुस्तीने. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. ग्रामसभेचा उल्लेख राज्यघटनेत आला, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या. सरपंचपदालाही आरक्षण लागू झाले. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचे प्रमाण निम्म्यावर नेले.

येथे आपल्यापैकी काही जाणती मंडळी एक आक्षेप घेतात, आणि तो आक्षेप हलका नाही. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना खेड्याच्या पंचायतीवर विश्वास नव्हता, मग आपण तिच्यात कशाला नाक खुपसावे? बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. त्यांच्या बालपणाची काही वर्षे दापोलीत गेली. कोकणचे खेडे आणि खोत ही काय चीज आहे हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात मांडले, १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. असा अनुभव असलेला पुरुष खेड्याचे गोडवे कसा गाईल? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याच्या संकुचितपणावर आणि जातीयतेवर कठोर शब्दांत टीका केली, आणि व्यक्ती हाच घटनेचा मूळ घटक धरला.

परंतु त्यांचे १९३२ सालचे भाषणही पाहिले पाहिजे. त्या वर्षी मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले असता त्यांनी विरोध केला तो नुसता नकार म्हणून नव्हे. प्रौढ मताधिकार नाही, अस्पृश्यांना खास प्रतिनिधित्व नाही, अशा स्थितीत पंचायतीच्या हाती सत्ता दिल्यास बहुसंख्यांचे राज्य अल्पसंख्यांच्या डोक्यावर बसेल, असा त्यांचा मुद्दा होता. आज प्रौढ मताधिकार आहे, राखीव जागा आहेत. त्यांनी घातलेल्या अटी कागदावर तरी पुऱ्या झाल्या आहेत. म्हणून मला वाटते, बाबासाहेबांचा अविश्वास हे ग्रामसभेपासून दूर राहण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट ज्या सभेवर आपला विश्वास नाही त्या सभेला तर डोळे उघडे ठेवून जाऊन बसले पाहिजे.

ठरावाची किंमत

"नुसते ठराव करून काय होते?" असे आमच्या वाडीतला एक तरुण म्हणाला. त्याला मी महाडची गोष्ट सांगितली. ती सर्वांना पाठ आहे, पण ठरावाच्या बाजूने ती फारशी कोणी पाहत नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, नोंद झाली, आणि तीन वर्षे तळ्याचे पाणी जसेच्या तसे राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. पुढे काय झाले तेही लक्षात ठेवावे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने तो ठराव रद्द करून टाकला! सभेत केलेला ठराव सभेतच पुसला गेला. तळे खासगी मालकीचे आहे असा दावा दिवाणी कोर्टात गेला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तेव्हा कोठे ते प्रकरण मिटले.

ठराव असून पाय नव्हते तेव्हा तीन वर्षे पाणी मिळाले नाही. पाय होते आणि ठराव पुसला तेव्हा दहा वर्षे कोर्टात झगडावे लागले. दोन्ही गोष्टी लागतात. आपल्या समाजाजवळ पाय भरपूर आहेत. मोर्चाला हाक द्या, ट्रक भरून माणसे निघतात. ठरावाच्या वहीकडे मात्र आपण पाठ फिरवली आहे.

सभेचे काम कसे चालते

आता व्यवहाराचे सांगतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सुमारास होतात. सभेची नोटीस सात दिवस आधी निघावी लागते. ती कार्यालयाच्या फळ्यावर लागते, काही गावांत दवंडी देतात, हल्ली व्हॉट्सॲपवर येते. नोटिशीत विषय छापलेले असतात. पहिला विषय "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" आणि शेवटचा "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय". बहुतेक माणसे पहिल्या विषयाच्या वेळी पोचलेली नसतात आणि शेवटच्या विषयापर्यंत थांबत नाहीत. माझा अनुभव असा की नेमक्या याच दोन विषयांत सर्व काही असते. मागील सभेत आपण जे बोललो ते तसेच लिहिले गेले काय, हे तपासण्याची वेळ पहिल्या विषयातच असते. बँकेत जसे पासबुकातली नोंद काउंटर सोडण्यापूर्वी पाहावी म्हणतात, तसेच हे आहे.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सदस्य हजर लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब झालेल्या सभेला मात्र गणपूर्तीची अट नसते. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. पंधराशे मतदारांच्या गावात तहकूब सभेला वीस माणसे आली तरी त्या वीस जणांचा निर्णय हा साऱ्या गावाचा निर्णय ठरतो. सभा तहकूब झाली म्हणून आपण घरी येऊन झोपतो आणि खरी सभा त्यानंतर होते. कोकणात एकेक ग्रामपंचायत दहा-बारा वाड्यांची, डोंगरात पसरलेली. सभेचे ठिकाण दोन-तीन किलोमीटरवर. तरीही दुसऱ्यांदा जे चालत येतात त्यांच्या वाडीची कामे होतात, हे मी वह्या चाळून पाहिले आहे.

आपला विषय तोंडी सांगू नये. सभेच्या पुरेसे आधी लेखी अर्ज द्यावा, दोन प्रती कराव्यात आणि एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का यांसह पोच घ्यावी. "कशाला पोच, मी लिहून घेतो की," असे गोड बोलून सांगितले जाते. नम्रपणे पण पोच घ्यावीच. अर्जात "आमच्या वाडीचा विकास करावा" असे मोघम लिहू नये. कोठून कोठपर्यंत, अंदाजे किती मीटर, कितीजण वापरतात, असे लिहावे. मुंबई मंडळातील आपले कार्यकर्ते इतिवृत्त लिहिण्यात, जमाखर्च ठेवण्यात इतके तयार असतात की असा अर्ज लिहिणे त्यांच्या डाव्या हाताचा मळ आहे. ते कसब आपण फक्त आपल्याच सभेसाठी राखून ठेवले आहे.

सभा घेतलीच नाही, किंवा कागदावर घेतली, तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. सभा घेण्यात कसूर करणारा सरपंच पद गमावू शकतो. इतिवृत्ताची नक्कल माहितीच्या अधिकाराखाली, म्हणजे २००५ च्या कायद्याने, मिळते. मात्र पहिल्याच दिवशी तक्रारीचे हत्यार काढू नये असे माझे मत आहे. गावात उद्याही राहावयाचे असते. अगोदर सभेला जावे, बोलावे, मग पाहावे.

पैसा कोठून येतो

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ही रक्कम लहान गावात फार मोठी नसते, पण ती कशावर खर्च झाली हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. सतरंज्या आणि भांडी खरेदी करून ती "संपवली" जाते असे कानावर येते. आपण आधी सुचविले नाही तर सतरंज्याच येणार.

दुसरा मोठा ओघ वित्त आयोगाच्या अनुदानाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळासाठी या अनुदानातील ६० टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता आणि बाकी ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चण्यास मोकळा होता. हा खर्च गावच्या विकास आराखड्याप्रमाणे होतो आणि आराखड्याला मान्यता ग्रामसभा देते. पुढील वर्षाच्या आराखड्याची तयारी साधारणपणे २ ऑक्टोबरच्या सभेपासून सुरू होते. त्या सुमारास आपण धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीत असतो, नागपूरच्या गाडीचे आरक्षण पाहत असतो. मी नागपूरला जाऊ नका म्हणत नाही. दोन तास काढून सभेलाही जा एवढेच म्हणतो.

तिसरी योजना खास आपल्यासाठीची. पूर्वी जिला दलित वस्ती सुधार योजना म्हणत, ती आता "अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास" या नावाने जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून चालते. रस्ता, पाणी, गटार, दिवे, समाजमंदिर ही कामे तिच्यातून होतात. वस्तीच्या पंचवार्षिक आराखड्यात नाव असावे लागते आणि निधी वस्तीच्या लोकसंख्येवर ठरतो.

येथे कोकणची एक मोठी अडचण आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. देशाची वाढत असता आपल्या जिल्ह्याची घटली. माणसे मुंबई, ठाणे, पालघर, पुण्याकडे गेली. आमच्या वाडीत घरे बेचाळीस आहेत, त्यांतली एकोणीस कुलूपबंद. गणपतीच्या सुट्टीत, मे महिन्यात ती उघडतात. पण निधीचा हिशेब कुलूप पाहून होत नाही, गणनेतली डोकी पाहून होतो. चाकरमान्यांची डोकी मुंबईत मोजली जातात. २०२१ साली व्हावयाची जनगणना लांबल्यामुळे अनेक वर्षे जुनेच आकडे वापरात राहिले. वस्तीत प्रत्यक्ष किती माणसे राहतात याची यादी वाडीने स्वतः तयार करून ग्रामसभेपुढे ठेवणे हे मंडळाच्या सहज हातून होण्यासारखे काम आहे.

रमाई आवास योजनेतील घरकुलाचे लाभार्थी ठरवतानाही ग्रामसभा लागते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, त्याचा प्रस्तावही ग्रामसभेतूनच पुढे जातो. या नावांबद्दल आमच्या वाडीत अजून एकमत नाही. "बौद्धवाडी" हे नाव कशाला पुसावे, असे वडीलधारी मंडळी म्हणतात, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

गाव कोण चालवते?

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष नोकरीसाठी बाहेर, गाव स्त्रियांच्या खांद्यावर. तरीही ग्रामसभेत पुढच्या खुर्च्यांवर पुरुष आणि दारात उभ्या चार बायका, हे दृश्य सार्वत्रिक आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी तीही सह्यांवर उरकते.

पाखाडीचा विषय आम्ही सभेत नेला तेव्हा मी भाषण तयार केले होते. कलम, नियम, टक्केवारी सर्व काही. आदल्या रात्री वाडीच्या बैठकीत मी ते वाचून दाखवले. आमच्या धाकट्या काकी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बाबू, तू वर्षातून किती वेळा उतरतोस त्या पाखाडीने? आम्ही दिवसाला सहा वेळा हंडा घेऊन चढतो. तू कागद दे, बोलतो आम्ही." बैठकीत क्षणभर कोणी बोलले नाही. विहाराच्या कामात या बायका सर्वांत पुढे असतात. मग वाडीचे म्हणणे गावापुढे मांडावयाचे असता त्यांना विचारावे हे आम्हाला का सुचले नव्हते? गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात आणि तिची निवडही ग्रामसभेतच होते. आमच्या वाडीतून त्या समितीवर तोपर्यंत एकही बाई गेली नव्हती.

पहिली सभा तहकूब झाली. आमची अकरा माणसे परत फिरली. पुढच्या सभेला चौदा गेली, त्यांत आठ बायका. विषय निघताच एका सदस्याने आक्षेप घेतला की तुमच्या वाडीला वेगळा निधी येतो, मग सर्वसाधारण निधीत वाटा कशाला? हा प्रश्न प्रत्येक गावात येतो म्हणून त्याचे उत्तर येथे लिहून ठेवतो. वस्तीसाठीचा निधी हा जादाचा आहे. तो मिळतो म्हणून गावाच्या एरवीच्या निधीतला आपला हिस्सा संपत नाही. आपणही घरपट्टी, पाणीपट्टी भरतो. मी हे सांगितले. काकींनी त्यांचे हंड्याचे गणित सांगितले, आणि सभा थोडी हलली. पण ठराव झाला तो वेगळ्याच कारणाने. खालच्या वाडीतले एक वृद्ध कुणबी शेतकरी उठले आणि म्हणाले, की वरच्या मळ्यातली भाताची भारे आम्हीही त्याच पाखाडीने खाली आणतो, माझे नाव अनुमोदक म्हणून घाला. त्यांच्याशी आमच्या वाडीचा बांधावरून जुना तंटा होता. वाडीच्या बैठकीत बसून आम्ही शंभर वर्षे ठराव केले असते तरी हे अनुमोदन आम्हाला मिळाले नसते.

मुंबईकरांसाठी

एक गैरसमज दूर करावयास हवा. ज्याचे नाव मुंबईच्या मतदार यादीत आहे तो गावच्या ग्रामसभेचा सदस्य नव्हे, त्याला तेथे मत नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याने चालत नाही आणि तसा सल्ला मी देणार नाही. परंतु १ मेच्या सुमारास आपण बहुतेकजण गावी असतो. त्या आठवड्यात विहाराच्या सभागृहात एक संध्याकाळ नोटिशीतले विषय सर्वांना वाचून दाखवावेत, अर्ज लिहून द्यावेत, मागील अर्जांच्या पोचा एका फायलीत लावून ती फाईल वाडीत ठेवावी. वर्गणीतून स्पीकर घेतला जातो, तसे एक चांगले कुलपाचे कपाट घ्यावे. आमच्या मंडळाने घेतले, त्यावरूनही वाद झाला. दोन हजार रुपये वायफळ गेले असे काहींचे म्हणणे आहे.

आमची पाखाडी पुढच्या वर्षीच्या आराखड्यात आली. काम एका दमात झाले नाही. वाडीपासून विहिरीपर्यंतच्या पायऱ्या झाल्या, कडेला पाणी जाण्यासाठी गटार झाले. विहिरीच्या पुढचा, फणसाच्या झाडापासून स्मशानापर्यंतचा उताराचा तुकडा अजून तसाच आहे, आणि घसरतो तोच. त्याचा अर्ज आम्ही गेल्या महिन्यात दिला. अर्जावर सतरा सह्या आहेत, त्यांतल्या नऊ बायकांच्या. पोच काकींच्या कपाटात आहे, कारण मंडळाच्या कपाटाची किल्ली सध्या मुंबईला गेली आहे.